चाकोरीच्या मापाची गाडी

२२ नोव्हेंबर १९४६, शुक्रवार

काल पुन्हा रक्त. सावंगीच्या अलीकडे, जिथं चाकोरी खोल आहे तिथं. फटफटीला जोडलेल्या डोंग्याचं चाक उंचवट्यावरून घसरलं, डोंगा डाव्या अंगाला आपटला आणि पंचफुलाने पदर तोंडाला लावला. मी फटफटी थांबवली. म्हणाली, "चला, काई नाई." पदर मुठीत आवळून धरला. मला दाखवला नाही. मी पाहिला.

वाशीमच्या डॉक्टरांनी विचारलं, प्रवास कसा झाला? मी म्हणालो, बरा. खोटं! त्यांनी छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या. "फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून मी हवा भरतो, आणि तुम्ही रस्त्यात त्यालाच कुटून आणता?" बरगड्यांमधून सुई घालून हवा भरतात. बिघडलेलं फुप्फुस त्या हवेने दाबून ठेवायचं, म्हणजे ते निजून राहतं आणि भरून येतं. पण हवा जिरते. म्हणून दर दुसऱ्या गुरुवारी पुन्हा भरायची. एक खेप चुकली की मागचं सगळं पाण्यात.

म्हणजे दर दुसऱ्या गुरुवारी हा रस्ता. आमची बोरखेडी ते सडक, सगळी गाडीवाट. पुढे वाशीमपर्यंत खडी आहे, तिचं काही नाही. जीव जातो तो गाडीवाटेत.

बैलगाडीने नेऊन पाहिलं, हाडं खिळखिळी होतात आणि दिवस जातो. सर्व्हिस मोटारीत दोनदा बसवलं. तिसऱ्यांदा माणसं ओरडली — खोकल्याची बाई नको! वाशीमला खोली बघितली. रोगाचं नाव काढलं की दार बंद. म्हणून फौजेच्या लिलावातली ही साइडकारची फटफटी घेतली. गावात साइडकारला डोंगा म्हणतात. नाव बरोबर आहे. आगीतून निघून फुफाट्यात पडलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

पीठगिरणीला सुट्टी. दिवसभर फटफटीखाली आडवा. फौजेच्या वर्कशॉपात चार वर्षं दुसऱ्यांचे ट्रक नीट केले. घरची एक फटफटी नीट होत नाही!

मग सुतळी घेऊन गाडीवाटेवर गेलो आणि दोन चाकोऱ्यांमधलं अंतर मोजलं. परत येऊन फटफटीचं आणि डोंग्याच्या चाकाचं मोजलं. वीतभर कमी. घोडं इथंच अडलंय! फटफटी उजव्या चाकोरीत चालते आणि डोंग्याचं चाक मधल्या उंचवट्याच्या कडेवर. पावसाळ्यात बैलगाड्यांनी चिखल कापला, आता तो वाळून दगड झालाय. कड तुटली की डोंगा खाली. ती आत.

वहिनी शेण घेऊन जाताना थांबली. "नवरा फटफटीखाली, बायको डोंग्यात. घरात काम करनारं कोनी हाये का नाई?" जाता जाता म्हणालीच — "माहेरून ब्याद आनली अन् आमाले भोग!" रोज कुठल्या तरी वाक्याला हे शेपूट असतंच. मी फौजेत होतो तेव्हा पंचफुला याच घरात राबली. तेव्हा ती ब्याद नव्हती.

दादा ओट्यावर बसला होता. ऐकलं असणार. वडील गेल्यापासून घर त्याचं, बोलणंही त्याचंच. पण या बाबतीत तो कधी बोलत नाही. वहिनीला गप्पही करत नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मालेगावला रऊफकडे गेलो. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवतो, लॉरीचे कमानपाटे ठोकून देतो. सांगितलं, डोंगा वीतभर बाहेर सरकवायचाय. तो हसत सुटला. "भाऊ, दुनिया मोटारीसाठी सडक बनवते. तुमी सडकेसाठी मोटार बनवून राह्यले!"

मग गंभीर झाला. ज्या तीन नळ्यांनी डोंगा फटफटीला जोडलाय, त्यांत आतून दुसरी जाड नळी घालायची, आरपार बोल्ट मारायचे. वेल्डिंग नको म्हणाला. त्याच्या मते तुटलं तर वेल्डच्या सांध्यातच तुटेल. मला वाटतं बोल्टाच्या भोकाशी तुटेल. भांडलो थोडं. शेवटी त्याचंच केलं, माझ्या अंगात भांडायचा दम नव्हता.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पंचफुलाच्या जागी जवारीचं पोतं ठेवून सावंगीपर्यंत जाऊन आलो. दोन्ही चाकं चाकोरीत! पण गाडी डावीकडे ओढते. अशी ओढते की परत येईपर्यंत उजवा खांदा गेला. हँडल हळू चालताना थरथरतं ते वेगळंच. जेवणही गेलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

डोंगा जितका लांब, तितकी ओढ जास्त. हे मला आधी सुचायला हवं होतं. वर्कशॉपात हजारदा पाहिलंय.

दोन सरळ बांबू आणले. एक फटफटीच्या चाकांना टेकवून ठेवला, दुसरा डोंग्याच्या चाकाला. पुढून मोजलं, मागून मोजलं. दोन्ही बांबू अगदी समांतर, म्हणून ओढत होती. डोंग्याच्या चाकाचं तोंड पुढून बोटभर आत, फटफटीकडे वळवलं. फटफटी उभी होती ती किंचित बाहेर, उजवीकडे कलती केली. हँडलची घट्ट करायची चक्री दोन फेरे आवळली. पुन्हा पोतं, पुन्हा सावंगी. हात सोडला तरी सरळ चालली! क्षणभर सोडला, फार नाही.

पंचफुला खाटेवरून बघत होती. तिची खोली गोठ्याला लागून आहे, ताट वेगळं, पाण्याचा गडवा वेगळा. म्हणाली, "पोत्याले बरं वाटलं का?" पुष्कळ दिवसांनी हसलो.

५ डिसेंबर, गुरुवार

वाशीम. जाताना रक्त नाही, येताना नाही.

सावंगीच्या उतारावर कपाशीच्या गाड्या समोरून आल्या. दहा-बारा असतील, कारंज्याकडे निघालेल्या. चाकोरी एकच. रिवाज असा की रिकाम्या गाडीने चाकोरीबाहेर उतरायचं आणि भरल्या गाडीला वाट द्यायची. आता डोंगा रिकामा म्हणायचा की भरला? पुढच्या गाडीवर हेमसिंग नावाचा तांड्यावरचा माणूस होता. मी खाली उतरलो, म्हणालो, बाई आजारी आहे, चाकोरी सोडली तर धक्का बसेल. मागचे ओरडायला लागले — "आमची भरली गाडी हाये! उतर रे तू!" खरंच होतं त्यांचं. बैलांना तो भार काढून पुन्हा चाकोरीत घालायचा म्हणजे नाकी नऊ.

हेमसिंगने डोंग्यात वाकून पाहिलं. पंचफुलाने पदर पुढे ओढला. तो बैलांच्या कासऱ्याला हात घालत मागच्यांना म्हणाला, "काढा रे गाड्या बाहेर. ह्यो डोंगा आपल्याहून भरला हाये." सगळ्या गाड्या बाहेर निघाल्या. एक कलंडता कलंडता वाचली. मला त्या माणसाचे आभारही नीट मानता आले नाहीत.

परत येताना मात्र तिचं नेहमीचं. नाला ओलांडला की "थांबा." गावात शिरण्याआधी उतरते. पदर डोक्यावरून छातीपर्यंत, मान खाली, आणि नाल्यापासून घरापर्यंत चढ चालत जाते. पारावर दादा आणि म्हातारी मंडळी बसलेली असतात. भासऱ्यासमोरून, थोरल्या दिरासमोरून, सून वाहनात बसून कशी जाईल? जातानाही तेच. घरापासून पार ओलांडेपर्यंत चालत, मग बसायचं.

मी मागे रिकामा डोंगा घेऊन फटफट करत. लाज तिला नाही, मला वाटते.

६ डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले होते, हवा भरल्यावर चालायचं नाही. सांगितलं तिला. म्हणाली, "चार पावलं हायेत." चार पावलं! सगळा चढ आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

चाकोरीत चाक बसलं तरी डोंगा कडक आहे. कमानपाटे फौजेच्या मापाचे — आत बंदूक, गोळ्या आणि धष्टपुष्ट शिपाई बसायचा. ही किती वजनाची! पाटे वाकतच नाहीत, दगडाचा धक्का थेट पाठीत. आज दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढून टाकला. हाताने दाबलं तर डोंगा मऊ लागतो. झोपाळा झाला!

१९ डिसेंबर, गुरुवार

झोपाळा कसला, शिक्षा. एका खड्ड्यात गेला की डोंगा वर-खाली, वर-खाली, थांबतच नाही. तो थांबेपर्यंत पुढचा खड्डा. सावंगीला ती ओकली. ओकल्यावर खोकला, खोकल्यावर रक्त. डॉक्टरांनी हवा अर्धीच भरली. "आज जास्त सोसणार नाही." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही त्यांनी.

तिने परतीच्या वाटेवर माझ्या मांडीवर थोपटलं. मला! म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच केलं नं."

येऊन पारापुढून चाललीच.

२२ डिसेंबर, रविवार

काही केलं नाही. पडून राहिलो.

२६ डिसेंबर, गुरुवार

रऊफ स्वतः आला, मालेगावहून सायकलीवर. "आले नाई, मंग म्या म्हनलं भाऊचा मिजाज बिघडला." डोंगा दाबून पाहिला, किती वेळ झुलतो ते पाहिलं.

मऊ हवा, पण झुलायला नको. म्हणजे कमानपाट्याला अडवणारं काहीतरी पाहिजे, पण पुरतं अडवणारंही नको. फटफटीच्या पुढच्या चाकाच्या चिमट्याला तशी सोय आहे, दोन चकत्या एकमेकींवर घासतात आणि झोका मरतो. डोंग्याला नाही. ती करायची ठरवली. लोखंडाचे दोन दांडे, एक चौकटीला, एक कमानपाट्याखाली, मध्ये चकत्या. चकत्यांना काय लावायचं यावर अडलो. रऊफने लॉरीच्या क्लचचं अस्तर सुचवलं. मिळणार कुठं? मी रबर म्हणालो. तो म्हणाला, तापून चिकटेल. मग आमच्या विहिरीवर मोडकी मोट पडली होती, तिचं चामडं. तेल पिऊन पाणी पिऊन जुनं झालेलं, कठीण आणि तरी मऊ. आम्ही दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं.

दुपारपर्यंत चकत्या कापून झाल्या. वर एक नट, हाताने आवळायचा. सैल असला तर डोंगा झुलतो, घट्ट असला तर कडक. आवळत-सोडत बसलो. डोंगा दाबला की खाली जावा, एकदा वर यावा आणि गप्प राहावा — तिथं नटावर छिन्नीने खूण केली. हिचं वजन कमी म्हणून डाव्या वळणावर चाक उचलतं. त्यासाठी पायाशी फुटक्या जात्याची तळी ठेवली. वहिनी म्हणाली, "जातं बी डोंग्यात! आता चूल तेवढी ठिवा."

रऊफला जेवायला थांब म्हणालो. थांबला नाही. हिच्या खोलीकडे एकदा बघून म्हणाला, "अल्ला करो, भाबीले आराम पडो."

२ जानेवारी १९४७, गुरुवार

कसं लिहू!

जाताना सगळं जमलं. गाडीवाटेला लागण्याआधी टायरांची थोडी हवा सोडली, सडकेवर पंपाने पुन्हा भरली. ती बघत होती. म्हणाली, "तुमी टायरची हवा काढता, अन् डाक्तर माह्यात भरते. हिशेब बराबर!" सावंगीचा उतार कधी गेला कळलं नाही. डोंगा एकदा दबायचा, एकदा उठायचा, गप्प. डॉक्टरांनी पुरी हवा भरली. म्हणाले, आज छान आहे.

परत येताना नाल्यावर — "थांबा." मी म्हणालो, आज नको. आज पुरी हवा भरलीय, दम लागेल. उतरली. मी हात धरला, तर म्हणाली, "सोडा, कोनी पाह्यलं तं?"

पारापर्यंत पोचली. बरोबर पारासमोर खाली बसली. खोकला. धुळीत रक्त, लालभडक. पारावर दादा, गावातले म्हातारे नानाजी, बाकीचे सगळे. दादा उठून उभा राहिला आणि तिथंच थिजला. भासरा तो, तिला हात कसा लावणार? मी फटफटी तशीच टाकली, तिला उचललं आणि सगळ्यांसमोर डोंग्यात ठेवलं.

इतकी मेहनत — नळ्या, बांबू, चामडं! सगळा धक्का वाचवला आणि शेवटच्या चढावर घालवला.

४ जानेवारी, शनिवार

दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. रक्ताचं काही नाही तिला. मी पारासमोर उचललं, त्याचा राग.

५ जानेवारी, रविवार

आज बोलली. मी विचारलं, जीव मोठा की रीत मोठी? मला वाटलं गप्प राहील.

म्हणाली, "घरात मले कोनी भांड्याले हात लावू देत नाई. चुलीपाशी जाऊ देत नाई. सनावाराले कोनी बलावत नाई. सून म्हनून माह्यापाशी उरलं काय? येवढी अदब उरली. ते बी तुमी घेता काय?"

फुकट चार वर्षं जग पाहून आलो.

८ जानेवारी, बुधवार

गावाला वळसा घालून, नानाजींच्या तुरीच्या बांधावरून नेता येईल का, पाहिलं. पोतं ठेवून गेलो. नांगरटीची ढेकळं — पोतं उसवलं, जवारी सांडली. पाखरांची चैन झाली.

११ जानेवारी, शनिवार

दादाशी बोललो. तोंड उघडायला किती दिवस लागले! गोठ्यात एकटा होता. म्हणालो, "दादा, गुरुवारी सकाळी आन् दिवस कलताना पारावर बसत नको जाऊ."

"काहून?"

"तू दिसला की ते उतरते. चालनं तिले मना हाये."

तो बैलाची पाठ खाजवत राहिला. मग म्हणाला, "मारोतीच्या पुढून मी कायले उठू? लोकं काय म्हनतीन — सुनेसाठी भासरा पळाला? उतरते ते तिचं वळन हाये. चांगल्या घरची हाये." आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हिच्याबद्दल चांगला शब्द ऐकला. लगेच ठसका लागला त्याला. चिलीम कमी कर म्हणालो. हाताने जा म्हणून खुणावलं.

मी बाहेर आलो. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. दमलोय. खरंच दमलोय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हिला वाणाला कोणी बोलावलं नाही. हिने आपल्याच उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, मला तिळगूळ दिला, लांबून.

१६ जानेवारी, गुरुवार

हे नीट लिहून ठेवायला पाहिजे.

सकाळी ती नेहमीसारखी घरातून चालत निघाली, मी मागे रिकामा डोंगा घेऊन. पाराशी आलो आणि ती थांबली. मीही थांबलो.

पारावर सगळे होते. दादा होता, नानाजी होते, कोणी कमी नव्हतं. पण सगळ्यांची तोंडं मारुतीकडे आणि पाठी रस्त्याकडे! इतक्या वर्षांत त्या पारावर कुणी असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. रस्ता बघायलाच तर बसतात लोक! दादाची पाठ मधोमध. घोंगडी पांघरलेली, मान ताठ. चिलीमसुद्धा फिरत नव्हती.

पंचफुला तशीच उभी. मी हळूच म्हणालो, "बस." ती डोंग्यात बसली. पदर पुढे घेतला. मी फटफटी इतकी हळू नेली की कोंबडीसुद्धा उडाली नाही. एकही पाठ वळली नाही.

सावंगीपर्यंत ती रडत होती. रडल्याने खोकला येईल म्हणून मी थांब थांब म्हणत होतो आणि माझेच डोळे गळत होते. चाकोरी दिसेना.

परत आलो तरी तेच. पाठी. नाल्यावर तिने थांबा म्हटलं नाही.

रात्री नानाजी भेटले. म्हणाले, "तुह्या दादानं, उकंडरावनं सांगतलं, गुरुवारचं मारोतीकडं तोंड करून बसत जा, पुन्य लागते. आमी म्हनलं, लागत असीन बुवा!" आणि डोळा मारला. मी दादाला काही बोललो नाही. त्यालाही ते नको असणार.

३० जानेवारी, गुरुवार

रक्त नाही. डॉक्टर म्हणाले, वजन वाढलंय. असंच वर्षभर चाललं तर आशा आहे. आशा हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला. मी पुन्हा विचारून घेतला.

डोंग्याचा नट छिन्नीच्या खुणेच्या पुढे आवळावा लागतोय. चामडं झिजतंय की ही जड होतेय? दोन्ही असेल. चामडं बदलायला येईल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रऊफचा बोल्ट तुटला. भोकाशी! मी म्हणालोच होतो. त्याला दाखवायला मालेगावला गेलो तर म्हणतो, "बोल्ट खराब निघाला, बात गलत नव्हती." दुसरा, जाड घातला. हसत घातला हरामखोराने.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ही खेप लिहिण्यासारखी काहीच नव्हती. हीच लिहिण्यासारखी गोष्ट. चाकं चाकोरीत, हात हलके, डोंगा गप्प. ती सावंगीपाशी झोपली! डोंग्यात, गाडीवाटेवर, झोपली. मी मान वळवून वळवून बघत होतो, श्वास चालू आहे ना.

वाशीमला डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्या बाजूचं फुप्फुस? स्वच्छ, म्हणाले. एकच प्रश्न त्यांनी विचारला — घरात हिच्या आधी कुणाला खोकला होता का? मी म्हणालो, नाही. तिच्या माहेरी? तिथंही नाही, सगळे ठणठणीत. "मग आला कुठून?" म्हणाले. मला काय ठाऊक! वहिनीला विचारा म्हणावं, तिला सगळं माहीत असतं.

येताना पारावर पाठी. आता सवय झाली गावाला. वहिनीने आज हिच्या ताटात भाकरी लांबून टाकली नाही, वाकून ठेवली.

दमलोय. पण आजचं दमणं बरं आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गोठ्यात गेलो तर दादा डोंग्यात बसलेला. उपरणं तोंडाला. मला वाटलं, कुणी नाही बघून कसा लागतो ते बघतोय. हसणार होतो. त्याने उपरणं खाली केलं. डाग.

"मले बी ने वाशीमले."

कधीपासून, विचारलं. म्हणाला, "तू फौजेत गेला त्याच साली."

म्हणजे हिच्या आधी. चार वर्षं हिने त्याचं ताट घासलं, त्याची उपरणी धुतली. आणि घरभर — माहेरून आणली! तो बसून ऐकत होता. "सांगतलं असतं तं घर बुडालं असतं रे," म्हणाला. त्या पाठी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. माझ्या तोंडात शिवी आली.

मागे बांगड्या वाजल्या. पंचफुला दारात. पदर पुढे, तोंड भिंतीकडे. सगळं ऐकलं होतं तिने. मग आत गेली, आपली उशी आणली, माझ्या हातात दिली.

"त्याइले पाठीले ठिवाले द्या. अन् सांगा — गाडी नाल्यात उतरते तवा दम धरून ठिवू नोका म्हना. सोडून द्याचा."